मख्खकाका आणि अक्रोडाची माळ

मख्खकाकांनी जन्मभरात किती देशांचा खाऊ चाखला, हे विचारलंत तर त्यांनाही सांगता यायचं नाही. फिनलंडची काळीकुट्ट खारट गोळी, तुर्कस्तानच्या गुलाबपाण्याच्या वड्या, जपानची तांदळाच्या पिठाची गुबगुबीत मिठाई, मेक्सिकोची चिंचेची तिखट गोळी, जी खाल्ल्यावर माणूस आधी रडतो आणि मग आणखी मागतो. सगळं झालं. आणि स्वतः कधी शहराची वेस ओलांडून गेले नाहीत! त्याहून मोठी गंमत म्हणजे एवढं सगळं खाऊन त्यातला कणही त्यांच्या पोटात गेला नाही. घास घ्यायचा, चावायचा, जिभेवर घोळवायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा. त्यांची नोकरीच ती होती.

काका गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात चव पाहायला होते. हसू नका, असं काम असतं. कारखान्याच्या मागच्या बाजूला बिनखिडकीची पांढरी खोली. तिथे अर्ध्या उंचीच्या फळ्या ठोकून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात छोटं बेसिन, कोमट पाण्याचा पेला आणि डोक्यावर लाल दिवा. लाल अशासाठी, की पुढ्यातली गोळी हिरवी की पिवळी ते कळू नये. डोळ्यांनी जिभेला फितवू नये. अत्तर लावून यायचं नाही, सकाळी कांदा खायचा नाही. मालक कुठे परदेशी गेले की तिथल्या दुकानांतून पिशव्या भरभरून आणायचे आणि म्हणायचे, "बघा हो, असलं काही आपल्याला जमतंय का?" मग त्या पिशव्या या खोलीत यायच्या.

खोलीचे दोन नियम फार कडक. एक म्हणजे चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. तुम्ही नाक मुरडलंत की शेजारच्या कप्प्यातला ते बघतो आणि त्याचं मत तिथेच बिघडतं. दुसरा नियम असा, की दाताखाली न खाण्याचं काही आलं, केस म्हणा, दोरा म्हणा, कागदाचा तुकडा म्हणा, की ताबडतोब थुंकायचं, ती वस्तू चिमटीत धरून दिव्यापुढे उंच करायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "परकी वस्तू! लॉट बाद!" त्यासरशी पलीकडे मशीन थांबायचं आणि त्या खेपेचा सगळा माल फेकला जायचा. यात भीडभाड ठेवायची नाही. तो माल कुणाच्या तरी पोराच्या तोंडात जाणार असतो.

काका या दोन्ही नियमांत इतके मुरले, की कारखान्यात त्यांचं नाव मख्खकाका पडलं. खारट गोळी असो की मधाची, चेहरा जैसे थे. नवीन आलेली माणसं पैज लावायची, काकांच्या चेहऱ्यावरून ओळखून दाखवा गोड आहे की कडू. कधी कुणी जिंकलं नाही.

कारखान्याचं ठीक होतं हो. पण माणूस घरी येताना चेहरा कारखान्यात ठेवून येतो थोडाच! घरी काकू. स्वयंपाकात हौशी, बोलायला चुरचुरीत. नवी नवरी असताना त्यांनी जीव ओतून भाजी केली, ताटात वाढली आणि पदराला हात पुसत समोर उभ्या राहिल्या. काकांनी घास घेतला, चावला, बराच वेळ चावला, आणि मग दुसरा घास घेतला. बस्स. चांगली नाही, वाईट नाही. "मीठ झालंय ना?" काकूंनी विचारलं. "आहे," काका म्हणाले. तेव्हापासून काकू शेजारणींना सांगायच्या, "मी भिंतीला वाढलं असतं, तर तिने निदान ओल तरी धरली असती."

काका वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. माणूस साधा, पापभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको आजारी पडली तर रात्रंदिवस उशाशी बसणारा. पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. ते निवृत्त झाले, घरी बसले, तरी चेहरा काही निवृत्त झाला नाही.

त्यांचा मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत. कंपनीने त्याला जॉर्जियाला धाडलं. अमेरिकेतला नव्हे, डोंगरांतला देश आहे, तो जॉर्जिया. तिथे त्याने लिफ्ट बसवल्या आणि येताना बायको घेऊन आला. उंच, दाट भुवयांची, मोठ्याने हसणारी मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली आणि उरलेला वेळ सासूच्या स्वयंपाकघरात. भाषा शिकली ती तिथेच, त्यामुळे बोलायची थेट काकूंच्या थाटात. दूध उतू गेलं की म्हणायची, "अगं बाई गं, मेलं दूध!" काकू हसून हसून लोळायच्या. दोघींचं असं गूळपीठ जमलं, की मुलगा म्हणायचा, लग्न माझ्याशी झालंय की आईशी?

सासऱ्यांशी मात्र तिचं काही जमेना. ती "बाबा, चहा" म्हणायची, ते "हं" म्हणायचे. ती चहा ठेवून जायची. काकांना ती फार आवडायची, खरंच सांगते. ती हसायला लागली की हातातलं वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर तसंच पडून राहायचं. पण हे तिला कळणार कसं?

आणि मग पहिलं पार्सल आलं. तिच्या आईने पाठवलेलं. मोठा खोका, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लांबलचक तपकिरी कांड्या. लांबून बघाल तर मेणबत्त्या वाटतील, आणि त्याही कुणीतरी घाईत ओतलेल्या, गाठीगाठीच्या.

"चुर्चखेला!" सून ओरडली, आणि खोका छातीशी धरून तिने स्वतःभोवती गिरकी घेतली. मग तिने सगळ्यांना बसवून समजावलं. तिच्या आईच्या अंगणात द्राक्षाचा वेल. द्राक्षं उतरली की त्यांचा रस मोठ्या कढईत पीठ घालून आटवायचा, अक्रोडांची माळ त्यात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. आई हे दरवर्षी करते. लहानपणी ही मांजरीसारखी त्या वाळत घातलेल्या माळांखाली बसून राहायची.

एवढं सगळं सांगितलं पोरीने. एवढंच सांगायचं राहिलं, की माळ म्हटल्यावर आत दोरा असतो आणि तो आधी ओढून काढायचा असतो. तिच्या देशात शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. तिला बिचारीला काय ठाऊक, सांगावं लागेल म्हणून!

तिने बोटभर तुकडे कापले आणि पहिला तुकडा दिला घरातल्या मोठ्या माणसाला. दोन्ही हातांनी दिला. काकांनी घेतला, तोंडात टाकला, चावला. त्यांचे डोळे तिच्याकडे होते आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांना काहीतरी बोलावंसं वाटत होतं. शब्द जुळवतच होते. तेवढ्यात दाताखाली दोरा आला.

पुढचं त्यांनी केलं नाही, ते झालं. काकांनी बशीत थुंकलं, दोरा चिमटीत पकडला, खिडकीच्या उजेडात उंच धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "परकी वस्तू! लॉट बाद!"

मुलाच्या कपाळाची शीर तटतटली. काकूंनी कपाळावर हात मारला. सून बशीकडे बघत होती. मग तिने ती बशी उचलली, म्हणाली, "दोरा सांगायचा राहिला, बाबा. चूक माझी," आणि आत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

"अहो, तुम्ही माणूस आहात की मशीन?" काकू कडाडल्या. "पोरीच्या आईने हातांनी केलेलं! बशीत थुंकलात? आणि वर लॉट बाद?"

काका हातात तो दोरा धरून बसून राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. उठावं, आत जावं, पोरीला म्हणावं की बाई, सवय गं ती, तुझ्या आईच्या हाताला नाव नाही ठेवलं. पण तोंड उघडेना. ते उठून गॅलरीत गेले आणि खालच्या सायकलींकडे बघत उभे राहिले.

त्यानंतरही पार्सलं येत राहिली. पण आता सून खोका सरळ आपल्या खोलीत न्यायची. जेवणाच्या टेबलावर ती मिठाई पुन्हा दिसली नाही. चहा वेळेवर मिळायचा, "बाबा" म्हणणंही चालू होतं, वागण्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तेच काकांच्या जिवाला लागलं. पोर भांडली असती, रुसली असती, तर बरं झालं असतं. ही नुसती सभ्य वागत होती. पाहुण्याशी वागतात तसं. केराच्या डब्यात ते परदेशी वर्तमानपत्राचे तुकडे दिसले, की काका झाकण हातात धरून तसेच उभे राहायचे. तिने एकदा, फक्त एकदाच, पुन्हा दोन्ही हातांनी तुकडा पुढे करावा, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी काही नको.

शेवटी त्यांनी काकूंना गाठलं. "मला छान म्हणायला शिकव," ते म्हणाले.

काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. "काय म्हणायला?"

"छान."

"अहो, एवढी वर्षं मी काय घोडं मारलं होतं?" असं म्हणत का होईना, काकूंनी त्यांना आरशापुढे उभं केलं. भुवया वर, गाल वर, आता म्हणा. काका म्हणाले. काकूंनी डोळे मिटून घेतले. "राहू द्या, गाल राहू द्या. दात दुखतायत असं वाटतं. नुसतं म्हणा."

मग काकांनी सपाटाच लावला. सूप छान, भाजी छान, चहा छान. एकदा सुनेने पाण्याचा पेला दिला, तर पाणीही छान. मुलगा ताटात तोंड घालून हसला. सुनेने मात्र मान हलवून "थँक्यू, बाबा" म्हटलं आणि पेला उचलून नेला. ती काय बावळट होती? खोटं छान तिला लगेच कळायचं. दुकानात दिवसभर लोक चष्मा लावून म्हणायचे, छान दिसतंय, आणि डोळ्यांत तर दिसायचं की काहीच दिसत नाहीये.

असं वर्ष सरत आलं, तिकडे सुनेच्या माहेरी द्राक्षं परत उतरली. एका रविवारी सकाळी सून ओट्याशी होती आणि साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर आईशी बोलत होती. काकू मटार सोलत बसल्या होत्या. दारावरची घंटा वाजली, सून बघायला गेली आणि नेमके त्याच वेळी काका पाण्यासाठी आत आले. बघतात तर फोनमध्ये विहीणबाई.

गोल चेहरा, डोक्याला रुमाल, गालांवर ऊन लागलेली लाली. विहीणबाईंनी काकांना पाहिलं मात्र, त्या अशा खुलल्या की विचारू नका! हात हलवले, आपल्या भाषेत काहीबाही बोलल्या, मग काकांकडे बोट दाखवलं, तोंडाशी हात नेऊन मचमच चावल्यासारखं केलं, पोटावरून हात फिरवला आणि खदखदून हसल्या. मग फोन फिरवून अंगण दाखवलं. तिथे दांडीवर माळाच माळा वाळत घातलेल्या. विहीणबाईंनी माळांकडे बोट केलं, मग पुन्हा काकांकडे.

"काय म्हणतायत?" काकांनी काकूंना विचारलं.

"मला काय कळतंय? पण तुम्हाला खादाड म्हणतायत, एवढं नक्की."

सून परत आली, तिने तो प्रकार पाहिला आणि ती कानापर्यंत लाल झाली. फोन घ्यायला धावली. काकांनी फोनवर हात ठेवला. "त्या काय म्हणतायत?"

"काही नाही, बाबा. आई अशीच आहे."

"सांग ना, बाळा," काका म्हणाले. बाळा हा शब्द त्यांच्या तोंडून कसा आला, कोण जाणे.

सुनेने ओट्याची कड धरली. "तिला वाटतं तुम्हाला फार आवडतं. पहिल्या वेळी तिने विचारलं, सासऱ्यांना कसं वाटलं? मी कसं सांगणार? मी म्हटलं, सगळं त्यांनीच खाल्लं, आम्हाला दिलंच नाही. तेव्हापासून ती तुमच्यासाठी वेगळं करते. मोठे अक्रोड वेचून. सगळे खोके तुमच्यासाठीच येत होते." ती थांबली. "मी दुकानात वाटून टाकायचे. मला एकटीला नाही खाववत."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिकडे एक बाई, कधी न भेटलेली, या मख्ख म्हाताऱ्यासाठी कढईतल्या रसाला तासन्‌तास ढवळत होती, आणि इकडे पोर आईची लाज राखायला वर्षभर एकटी खोटं सांभाळत होती. आपण काय केलं? आपण पाण्याला छान म्हटलं.

"आहे का आता?" त्यांनी विचारलं.

"बाबा, नको. माझ्यासाठी उगाच नका खाऊ."

"तुझ्यासाठी नाही. मला हवंय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग खोलीत जाऊन आली. तिच्या हातात वीतभर कांडी होती. तिने दोरा ओढून काढला, एक तुकडा मोडला आणि पुढे केला, पण लगेच सोडला नाही. कारण फोन अजून साखरेच्या डब्याशी उभा होता आणि विहीणबाई त्यात नाक घालून बघत होत्या. हा चेहरा आता त्यांच्यापुढे घास खाणार. ज्या चेहऱ्यावरून कधी कुणी पैज जिंकली नाही, तो चेहरा. आईला एका नजरेत सगळं कळणार होतं.

हे काकांनाही कळत होतं. त्यांनी तुकडा तोंडात टाकला नाही. फोनकडे वळून उभे राहिले आणि म्हणाले, "आधी यांना खरं सांग. सांग, पहिल्या वेळी मी थुंकलो होतो."

"बाबा!"

"सांग. तू का म्हणून खोटं बोलायचंस माझ्यापायी? सांग, की याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. दगडच आहे मेला. बायकोला विचारा. पण वाईट नव्हतं लागलं. मी बोलणार होतो आणि दोरा आला. तेही सांग."

सुनेने सांगितलं. आधी हळू, अडखळत, मग भराभर, हातवारे करत. दोरा उंच धरल्याचंही करून दाखवलं. तिकडे विहीणबाईंचं हसू गेलं. त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. काका मान खाली घालून उभे होते, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे. मग विहीणबाई हळूच काहीतरी म्हणाल्या.

"आई म्हणते, आता तरी खा म्हणावं," सून म्हणाली. "आणि खरं सांगा म्हणावं."

काकांनी तुकडा तोंडात टाकला. चावला. तीन बायका त्यांच्याकडे बघत होत्या, एक डोंगरापलीकडून. बाहेरून तो चिवट होता, जरासा आंबट, आत अक्रोडाचा तुरट, तेलकट कुरकुरीतपणा. चावता चावता काकांना बेसिनकडे वळायची उबळ आली, मान वळलीसुद्धा. ओट्याची कड गच्च धरून त्यांनी मान जागेवर आणली आणि घास गिळला. चेहरा जैसे थे. तो बिचारा काय करणार, त्याला सवयच नव्हती.

"कसं लागलं?" सुनेने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

काकांनी शब्द शोधले. छान हा शब्द आठवला, पण तो पाण्यालाही म्हणून झाला होता, तो आता इथे चालणार नव्हता. कारखान्यातले आठवले, त्यातलाही एक कामाचा निघेना. मग त्यांनी सुनेपुढे हात पसरला, तळहात वर करून.

"अजून दे," ते म्हणाले.

काकूंनी मटारचं ताट बाजूला ठेवलं. एवढ्या वर्षांत या घरात हे दोन शब्द कुणी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. सुनेने भाषांतर केलं नाही, तिला जमलंच नाही. पण पसरलेला हात विहीणबाईंना तिकडे बरोबर दिसला. त्या हसत होत्या, रुमालाने डोळे टिपत होत्या आणि एकीकडे मागच्या माळांकडे बोट दाखवत होत्या.

सुनेने तुकडा दिला. काकांनी खाल्ला आणि परत हात पुढे केला. तिने दिला. पुन्हा हात पुढे आला, तेव्हा मात्र तिने उरलेली कांडी पाठीमागे लपवली आणि थेट काकूंच्या आवाजात कडाडली, "अहो बाबा, बास की! माझ्यासाठी काही ठेवाल की नाही?"

"अर्धं दे," काका म्हणाले.

"अर्ध्यातलं अर्धं," ती म्हणाली आणि तिने मोडून दिलं.